खुळ्या प्रश्नांची थोरवी

समाजकार्यात शहाण्या माणसांची वाण कधीच पडली नाही. ती वेळेवर येतात, मंडप घालून घेतात, औषधं वाटतात, हिशेब चोख ठेवतात आणि संध्याकाळी समाधानाने घरी जातात. त्यांच्या हातून चांगलंच घडतं, आणि त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मला थोरवी गायची आहे ती त्याच मंडपातल्या एखाद्या खुळ्याची. सगळं सुरळीत चाललेलं असताना हा मध्येच विचारतो, "या सगळ्याजणींना एकच दुखणं कसं काय?" लोक म्हणतात, आता हे कुठलं खूळ काढलं! मला ते खूळ फार मोलाचं वाटतं. समाजशास्त्राने समाजकार्याला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हा एक प्रश्न पुढे करीन.

उसाच्या फडात जाऊन पाहू. दिवाळी झाली की बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव या पट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. माणसं सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात, ऊस तोडायला जातात. निघण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. मजुरी टनावर. हंगामभर दोघांनी मिळून इतका ऊस तोडायचा की उचल फिटली पाहिजे, नाही फिटली तर बाकी पुढच्या साली. एखादा दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, आणि खाड्याला दंड असतो.

पहाटे अंधारात बाई उठते. कोपीपुढच्या चुलीवर दुपारपर्यंतच्या भाकरी थापते, लहानग्याला उचलून फडाच्या कडेला आणून निजवते. नवरा बुडातून ऊस तोडत पुढे सरकतो. ती मागून पाचट काढते, वाढं छाटते, मोळी बांधते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. वाहन रात्री आलं तर भरणी रात्रीच. फडात आडोसा नाही, पाणी लांब, कोप्यांजवळ संडास नाही. पाळी आली तरी हेच, बाळंत होऊन थोडेच दिवस झाले असले तरी हेच. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोटात दुखतं, कंबर धरते. खाड्याच्या धाकाने ती हंगाम रेटते आणि गावी परतल्यावर खाजगी दवाखान्याची पायरी चढते. पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका, असं तिथे तिला सांगितलं जातं. ती काढून टाकते. खर्चासाठी पुन्हा उचल, आणि पुढच्या हंगामात दोघं परत फडात.

शहाण्या समाजकार्याकडे यावर उपाय तयार असतो आणि तो वाईटही नसतो. स्वच्छतेवर व्याख्यान, नॅपकिनांची पाकिटं, लोहाच्या गोळ्या. "बायांनो, दुखणं अंगावर काढू नका, वेळेवर दाखवा." बाया पदर सावरून ऐकतात, माना डोलावतात. मागच्या रांगेतली एखादी म्हणते, "ताई, दाखवायला गेलं की खाडा पडतोय." तोवर व्याख्यान आटपत आलेलं असतं, पुढच्या वस्तीवर जायची घाई असते, म्हणून ते वाक्य कुणी टिपून घेत नाही. खुळा ते टिपून घेतो.

तेवढ्या एका टिपणाने कामाची दिशा बदलते. बाई अडाणी आहे म्हणून दवाखान्यात जात नाही, असं आपण धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती आपल्यापेक्षा नीट हिशेब करत होती. एका दिवसाची मजुरी जाणार, वर दंड बसणार, जोडीदाराचंही काम अडणार. या हिशेबात पिशवी काढून टाकणं हा तिने केलेला विचारच आहे, आणि असा विचार करायची वेळ तिच्यावर आणणारी एक रचना उभी आहे. माणसाच्या वागण्याला त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर अर्थ सापडतो, हे समाजशास्त्र शिकवतं. शिकवलेलं खरं मानलं, तर समोरच्या बाईचा अपमान करणं आपल्याकडून आपोआप थांबतं. मला या शास्त्राचा हा सगळ्यात मोठा उपकार वाटतो.

मग मोजणी. २०१९ साली बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शेकडा जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत राज्यातलं हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होतं. एकीची पिशवी हा डॉक्टरचा विषय आहे. एकाच धंद्यातल्या तेरा हजार बायकांचं कारण त्यांच्या पोटात शोधून सापडायचं नाही. ते उचलीत, मुकादमाच्या वहीत, टनाच्या दरात आणि दवाखान्याच्या गल्ल्यात शोधावं लागतं. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली हीच गोष्ट बेकारीचं उदाहरण देऊन मांडली. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब, त्याच्या संधी तपासाव्यात. पाच कोटी कामकरी असलेल्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासत बसून काही हाती लागणार नाही. मिल्सचं हे पान समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतं माहीत असतं. ते शिबिराच्या पिशवीत, गोळ्यांच्या शेजारी असायला हवं.

आपल्याकडे हा खुळेपणा सर्वांत स्पष्ट शब्दांत कुणी मांडला असेल तर तो डॉ. आंबेडकरांनी. जातीची घडण त्यांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात उलगडली होती. पण त्या विचाराचा समाजकार्याशी थेट सांधा जोडला तो १४ नोव्हेंबर १९३२ च्या पत्रात. गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ते ठक्करबाप्पांना लिहिलं. ठक्करबाप्पा तेव्हा नव्याने निघालेल्या अस्पृश्यताविरोधी संघाचे चिटणीस होते. पुढे याच संघाला हरिजन सेवक संघ म्हणू लागले. पत्रातला मुद्दा असा, की दलितांच्या उद्धाराकडे दोन तऱ्हांनी पाहता येतं. माणसाची दशा त्याच्या स्वतःच्या वागण्यातून आली असं मानलं, तर दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं, शाळा यांच्यामागे लागावं. त्याची दशा भोवतालच्या परिस्थितीने ठरते असं मानलं, तर आधी परिस्थितीला हात घालावा: विहिरीवर पाणी, शाळेत प्रवेश, चावडीवर जागा, नोकरीधंद्यात समान संधी. संघाने दुसरी वाट धरावी, असं त्यांचं म्हणणं होतं. यात दंगे होतील, डोकी फुटतील, हेही त्यांनी झाकून ठेवलं नाही. गुपचूप चांगले विचार पसरवत राहिल्याने लोक विचार करायला लागत नाहीत, पेच पडला की लागतात, अशी त्यांची बैठक होती. संघाने ती सूचना मानली नाही. त्या काळच्या शहाण्यांच्या दृष्टीने पाहिलं तर विहिरीपेक्षा वाचनालय किती सोयीचं! त्यावर कुणाचं भांडण होत नाही, उद्घाटन होतं, फोटो निघतो.

मला ते पत्र समाजकार्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात हवं आहे. देशात या विषयाचं पहिलं विद्यालय मुंबईत नागपाड्याला १९३६ साली निघालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. म्हणजे शिक्षण सुरू व्हायच्या चार वर्षं आधीच त्यातला मूळ प्रश्न विचारून झालेला होता. त्याच्याही आधी, १९११ साली, ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि १९२० पर्यंत ते आयटक या कामगार संघटनांच्या महासंघाच्या स्थापनेत उभे दिसतात. गिरणगावात सेवा करायला गेलेला माणूस मजुरीचा प्रश्न विचारायला लागतो, हा प्रवास मला फार ओळखीचा आणि फार योग्य वाटतो.

खूळ नसेल तर काय होतं, याचा दाखला शिकागोचा आहे. जेन ॲडम्स यांनी १८८९ साली तिथल्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत हल-हाउस सुरू केलं. मंदीच्या काळात एक कारकून त्यांच्याकडे मदत मागायला आला. धर्मादाय मदतीचा तेव्हाचा नियम स्पष्ट होता: कालवा खणायचं काम मिळतंय तोवर धडधाकट माणसाला मदत द्यायची नाही. तो म्हणाला, मी जन्मभर घरात बसून काम केलं आहे, थंडीत उघड्यावर मला निभणार नाही. ॲडम्सबाईंनी नियम पाळला. त्याने दोन दिवस काम केलं, न्यूमोनिया झाला आणि आठवड्याने तो मेला. ही हकीगत त्यांनी स्वतः १९१० च्या आपल्या पुस्तकात लिहिली आहे. नियम शहाण्यांनीच केला होता. आळशाला फुकट खायला मिळू नये हा त्यातला विचार आजही आपल्या कानांना रुचेल. त्या नियमात मंदी कुठेच नव्हती, फक्त माणसाचा आळस होता. हल-हाउसच्या बायकांनी पुढे १८९५ साली त्या वस्तीचे नकाशे छापले. कुठल्या घरात कुठल्या देशाची माणसं, कुठल्या घरात आठवड्याची कमाई किती, हे घरोघर विचारून रंगांनी दाखवलं होतं. भाकरी वाटायची सोडून बायका दारोदार पगार विचारत फिरतात, याचं लोकांना नवल वाटलं असणार. त्यांच्यातल्याच फ्लोरेन्स केली इलिनॉय राज्याच्या कारखाना निरीक्षक झाल्या, आणि बायकांच्या कामाचे तास आठवर आणणारा कायदा तिथे १८९३ साली झाला. दोनच वर्षांत कोर्टाने त्यातलं तासांचं कलम रद्द केलं. तरी तो प्रश्न मिटला नाही, पुढच्यांनी तो हाती घेतला.

असाच एक नियम आपल्याकडेही आहे. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने जीव दिला की मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये. कर्ज आणि नापिकी सिद्ध झाली तर पात्र. दारू, आजार, घरातलं भांडण असं कारण पडलं की अपात्र. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ सालीच दाखवून दिलं होतं, की आत्महत्या हा एकेकट्याचा निर्णय असला तरी आत्महत्यांचं प्रमाण समाजाच्या घडणीतून येतं. कर्जाने घरात भांडण लागतं, भांडणाने बाटली येते, आणि कागदावर बाटलीच तेवढी उरते. समुपदेशनाला गेलेल्या कार्यकर्त्याने विधवेच्या दुःखाशेजारी हा कागदही वाचावा, तिच्यासाठी भांडावं, असं मला कळकळीने वाटतं.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. समाजशास्त्राची पदवी घेऊन आलेले काही जण फडात उभे राहून शोषणावर तासभर बोलतात, आणि समोर बसलेल्या बाईची कंबर दुखतेय हे त्यांना दिसत नाही. तिला आज गोळी हवी आहे. रचना बदलेपर्यंत थांबा, असं तिला सांगणं हा निर्दयपणा आहे. मी ज्या खुळ्याची थोरवी गातोय, तो आधी गोळी देतो आणि मग वही काढतो. दोन्ही कामं त्याच दुपारी, त्याच हातांनी. समाजकार्याशिवाय समाजशास्त्र नुसतं जाणकारीत संपतं, आणि समाजशास्त्राशिवाय समाजकार्य दरसाल तेच शिबिर भरवतं.

म्हणून वहीबद्दल थोडं सांगतो. शिबिराच्या नोंदवहीत नाव, वय, तक्रार, दिलेलं औषध असे रकाने असतात. त्यात आणखी चार घालावेत: उचल किती, या हंगामात खाडे किती आणि दंड किती कापला, शस्त्रक्रियेचा सल्ला कुणी दिला, पैसे कुठून आणले. हे विचारायला फार वेळ लागत नाही. बाया सांगतात, कारण त्यांना हे कुणी विचारलेलंच नसतं. एका वस्तीच्या वहीत ती नुसती माहिती दिसेल. वीस वस्त्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की त्याच मुकादमांची, त्याच दवाखान्यांची, त्याच कारखान्यांची नावं पुन्हा पुन्हा वर येतात. नावं मात्र बायांच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नयेत, नाहीतर पुढच्या साली त्यांची उचल बंद होईल.

२०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना लागू करायला सांगितली. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ निघालं आहे. हे सगळं मोजणीमुळे, पत्रकारांमुळे, भागातल्या हट्टी बायांमुळे झालं. दवाखान्याच्या दाराशी पहारा बसला. खाडा मात्र फडातच आहे, कारण करार तोंडी, मुकादमाशी, आणि कारखाना म्हणतो की हे मजूर आमचे नव्हेत. मग त्यांचा मालक कोण, हा पुढचा खुळा प्रश्न. कारखान्यांचे गाळप परवाने दरवर्षी हंगामाआधी पुण्यात साखर आयुक्तांकडून निघतात. वीस वस्त्यांच्या वह्यांतले आकडे त्याआधी त्या कचेरीत पोचवायचे, आणि जो कारखाना आपल्या फडातल्या खाड्याच्या दंडाची जबाबदारी घेत नाही त्याला परवाना का द्यायचा, हे लेखी विचारायचं.