निंदणीकरण चालू आहे

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये घाट, रस्ते आणि दफ्तर साफ करण्याचे आदेश निघतात. दफ्तराच्या सफाईला सरकारी भाषेत निंदणीकरण म्हणतात. एका कार्यालयाला (नाव कशाला?) आदेश आला: 2015 च्या सिंहस्थातल्या स्कॅन केलेल्या पावत्या सर्व्हरवरून काढा. पावत्या लाखोंनी, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये. ऑपरेटरने ‘आरएम’ या काढून टाकण्याच्या आज्ञेपुढे फुली मारली, म्हणजे ‘सगळं काढ’. यंत्राने यादी फार लांब असल्याचा शेरा मारून अर्ज परत केला.

मग दुसऱ्या मार्गाने काम सुरू झालं आणि सुरूच राहिलं. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलं. छे! यंत्र नियमाने चाललं होतं. युनिक्समधलं फोल्डर म्हणजे आवक नोंदवही. डावीकडे नाव, उजवीकडे आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलची माहिती कुठे आहे त्याचा पत्ता. फाइल काढायची तर आधी वहीत नाव सापडलं पाहिजे. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी2 या फाइल-व्यवस्थेत शोध पहिल्या पानापासून, पुढच्या नावासाठी पुन्हा पहिल्या पानापासून. फाइली दहापट, तर मेहनत शंभरपटीकडे. ईएक्सटी3 मध्ये हॅशची अनुक्रमणिका आली, नाव पटकन सापडू लागलं. पण हॅशच्या क्रमाने निघालं की आयनोड डिस्कभर विखुरलेले. शिपाई एकदा सातपूरला, एकदा नाशिकरोडला. शिवाय खोडाखोडीची नोंद जर्नल नावाच्या रोजनाम्यातही.

फाइल काढायला फाइलची परवानगी लागत नाही, फोल्डरवर अधिकार लागतो. कपाट ज्याचं, कागद त्याचा. आणि कोणी फाइल उघडून बसलं असेल, तर नाव खोडलं तरी जागा सुटत नाही. बदली झाली, पण क्वार्टर सोडवत नाही. युनिक्स 1969 साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं म्हणतात. मला मंत्रालयाचा संशय आहे.

रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांना वह्या वाटून ठेवायला कोणी शिकवलं नव्हतं. गाव सांगा, आडनाव सांगा, नेमकी वही निघते आणि खापरपणजोबा हजर. ऑपरेटरनेही तेच सुचवलं: एका ढिगाऐवजी तालुकावार पंधरा फोल्डर करू. सूचना योग्य आढळल्याने समिती नेमण्यात आली.

अखेर फोल्डर रिकामं झालं. तरी उघडायला वेळ तेवढाच! ईएक्सटी4 मध्येही फाइली गेल्या म्हणून वहीची पानं कमी होत नाहीत. कोरी पानं चाळावीच लागतात. उपाय सोपा, फोल्डरच काढून नवं करायचं. साहेबांनी प्रस्ताव फेटाळला. आस्थापना मंजूर आहे, काम नाही म्हणून मोडता येत नाही.