काकूंच्या कानावर आलंय

"काकू, माळावरच्या आबांचा टोमॅटो बसला म्हणे?"

"बसला कसला, रोजचा खेळ मांडलाय! दुपारी माना टाकतो, संध्याकाळी पुन्हा उभा. आबा म्हणाले, पाणी कमी पडतंय. सोडलं ड्रिप दिवसभर. पानं पिवळी पडली, तर टाकला युरिया. मग कुणीतरी म्हणालं 'मर' आहे, की लगेच बुरशीनाशकाची आळवणी. म्हातारी मात्र म्हणते, तुझीच नजर लागली!"

"माझी? मी तर त्या अंगाला फिरकलेसुद्धा नाही!"

"अगं, परवा सुनेनं खुरपताना एक झाड उपटलं. मुळं बघते तर आल्याच्या गड्ड्यासारखी गाठाळलेली. सूत्रकृमी!"

"पण गाठी तर हरभऱ्यालाही असतात की. चांगल्या म्हणतात त्या."

"त्या निराळ्या. हरभऱ्याची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली, नखानं सहज निघते, आतून गुलाबी. ही निघतच नाही, कारण मूळच सुजलेलं. आत मादी ठाण मांडून बसते नि ३०० ते ५०० अंडी घालते. ऊब असली की महिन्याभरात पुढची पिढी तयार. आणि ऐक, बऱ्याच जातींत तिचं नवऱ्यावाचून काही अडत नाही!"

"इश्श, काकू! पण ही आली कुठून?"

"रोपवाटिकेतल्या रोपांबरोबर, नाहीतर भाड्याच्या रोटाव्हेटरला चिकटलेल्या मातीतून. त्यात आबांनी एकाच रानात भेंडी, मग वांगी, मग टोमॅटो घेतला. तिन्ही तिच्या आवडीची."

"अगंबाई! तो रोटाव्हेटर उद्या आमच्याकडे यायचाय."

"मग बांधावर यायच्या आधी धुऊन घ्यायला सांग भावजींना."

"आबांनी आता काय करायचं?"

"उभ्या पिकाच्या मुळांतल्या गाठी काही जायच्या नाहीत. पीक निघालं की मुळं वेचून जाळायची, रानात गाडायची नाहीत. उन्हाळ्यात खोल नांगरून रान तापू द्यायचं. रोपांचा वाफा असेल तर ओलवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार-सहा आठवडे घट्ट अंथरायचं. लागवडीआधी निंबोळी पेंड टाकायची. आणि एक हंगाम झेंडू घ्यायचा. त्याच्या मुळांतलं द्रव्य तिला मानवत नाही, शिवाय दसऱ्याला चार पैसे होतात."

"हे आबांना सांगितलंत का?"

"सुनेनं सांगितलं, तर तिचं कोण ऐकतंय! तू मात्र ऐक. खताची पिशवी फोडायच्या आधी माना टाकणारं एक झाड उपटून मुळं बघ. त्याला दमडी लागत नाही."