टीपॉयला कांजिण्या

काकू : काय गं, सकाळपासून ओट्यावर घासाघास चाललीय? भांड्यांची तर वाटत नाही.

सूनबाई : भांडी कुठली, काकू! ह्यांच्या टीपॉयला कांजिण्या आल्यात. सणसवाडीच्या कंपनीतलं पॅकिंगचं लाकूड आणलं, हौसेनं टीपॉय ठोकला, वर वॉलनट रंग मारला. कुठं काळे डाग, कुठं पांढरे पट्टे!

काकू : दुकानदारानं भेसळीचा डबा गळ्यात मारला असणार.

सूनबाई : हेही भांडायलाच निघाले होते. पण माझा भाऊ शिक्रापूरला पॉलिशचं काम करतो ना, तो म्हणाला, “दाजी, डब्याचा दोष नाही. हे पाईन आहे. मऊ भाग रंग पितो, कडक रेघा पीत नाहीत.”

काकू : मग वरून अजून एक हात द्यायचा.

सूनबाई : दिला की! डाग आणखी काळे झाले.

काकू : आणि कंपनीच्या लाकडाला औषध मारलेलं असतं म्हणतात.

सूनबाई : त्यावरचा शिक्का बघायचा. ‘एचटी’ असेल तर लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, त्याला हात लावायचा नाही. आमचं एचटी आहे. तरी नाकाला फडकं बांधूनच बसलेत.

काकू : नुसतं घासून भागतं होय?

सूनबाई : छे! आधी 80 नंबरचा पॉलिशपेपर, मग 120, मग 180. रेघेच्या दिशेनंच घासायचं. आडवं घासलं की ओरखडे रंगात उठून दिसतात. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा पातळ हात. तो वाळला की लाकूड अधाशासारखा रंग ओढत नाही. वरून 220 हलका फिरवायचा, मग रंग फडक्यानं लावायचा आणि लगेच पुसायचा. पण आधी टीपॉयच्या खालच्या बाजूला लावून बघायचं.

काकू : हे आधीच केलं असतं तर?

सूनबाई : पालथं घालून बघायला धीर लागतो, काकू. ह्यांना लगेच फोटो टाकायचा होता.

काकू : त्यापरीस कोपऱ्यावरच्या घरासारखं वाघोलीहून तयार कपाट आणायचं. अस्सल सागवान म्हणे.

सूनबाई : सागवान वरच्या पापुद्र्यापुरतं! आत प्लायवूड. पावसात दार असं फुगलंय, की ओढायला दोघं लागतात.

काकू : अगं बाई! बरं, तो चपडा उरला तर ठेव हो थोडा. आमच्या ह्यांनी देव्हारा केलाय.

सूनबाई : पाईनचा?

काकू : पाईनचाच. रंगही वॉलनट. कालपासून दुकानदाराला शिव्या घालतोय आम्ही दोघं.