पार्ट टू ऑर्डरचा नवरा

फौजी माणूस निवृत्त होऊन गावी आला, की त्याची पत कँटीनच्या कोट्यावर ठरते. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण आमच्या सातारा भागात ही रीतच आहे. बांधाच्या भांडणापायी वर्षानुवर्षं उंबरा न चढलेला चुलतभाऊसुद्धा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘आहेत का सुभेदार?’ म्हणत ओटीवर येऊन बसतो आणि रमची बाटली काखेत मारूनच उठतो. आमचे हे निवृत्तीनंतर सिल्वासाला आले, तिथेच फसले. शेजारी दारूबंदीचा गुजरात, आणि आमचं दादरा-नगर हवेली म्हणजे उघड उघड ओला मुलूख. शनिवार-रविवारी वापी-वलसाडच्या गाड्या इकडे कशासाठी येतात, हे टोकरखाड्यातलं शाळकरी पोरही सांगेल. अशा ठिकाणी कँटीनच्या रमला कोण विचारतो? त्यामुळे आमच्या सुभेदारांना इथे निव्वळ स्वभावाच्या जोरावर दिवस काढावे लागले, आणि स्वभाव तर त्यांनी काळ्या ट्रंकेत घालून वर कुलूप लावलेला.

हा माणूस तुमच्याही पाहण्यातला असणार. करसवलतींच्या ओढीने इथे कारखाने आले, सुताचे, प्लॅस्टिकचे, आणि त्यांच्या मागोमाग गेटावर उभे राहायला आमच्यासारख्यांचे नवरे आले. मसाटला जा, पिपरियाला जा, एखाद्या तरी गेटाशी तो दिसतोच. मानेवर मशीन फिरवलेलं, पट्ट्याचं बक्कल लख्ख, खिशात दोन पेनं आणि मालकाच्या मेव्हण्यालाही गेटपास मागणारी नजर. यांनी सुपरवायझर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात खुद्द मालकाच्या गाडीची डिकी उघडायला लावली. मालक खूश झाला, पगार वाढवला. घरी रोज अशी तपासणी सोसणाऱ्या बाईचा विचार त्यात कुणी केला नाही.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि नंबर आहे. बादलीवर आहे, शिडीवर आहे, पाटा-वरवंट्यावर आहे. एकदा गॅसच्या सिलिंडरवरही घातलं. सिलिंडर बदलून जातो हे लक्षात येईपर्यंत तो गेलाही होता, आणि आता या प्रदेशात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आमचे सुभेदार ओट्याखाली हुद्द्यासकट उभे आहेत. इमारतीच्या आवारातल्या झाडांना खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा एका रविवारात लागला. पुढच्या रविवारी वाटेकडेच्या दगडांची पाळी आली. सेक्रेटरींची बंद पडलेली स्कूटर त्या सुमाराला बरेच दिवस एका जागी उभी होती, ती चुन्यातून कशी वाचली याचं मला अजून नवल वाटतं.

नवरात्रात गाड्या लावायच्या रेघाही यांनीच आखल्या. वरच्या मजल्यावरच्या बेन मागे लागल्या, ‘काका, रमवा आवो ने!’ नाही म्हणणं शिस्तीत बसेना, म्हणून हे गरब्याच्या रिंगणात उतरले. टाळी वेळेवर, पाऊल वेळेवर, चेहरा गार्ड ऑफ ऑनरचा. तिसऱ्या फेरीला रिंगण मोडून लोक तीन रांगांत कसे आले, ते अंबामातेलाच ठाऊक.

संध्याकाळी आम्ही दमणगंगेकडे फिरायला जातो. लोकांना वाटतं आमचं भांडण झालंय. हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. त्या पलटणींची चालच झपाट्याची. हे पुढे, मी विजेच्या चार खांबांइतकी मागे. पण वळणावर थांबतात. घड्याळात बघतात, मी दिसले की पुन्हा निघतात. शेजारणीला मी म्हटलं, हेच आमचं हातात हात घालून फिरणं.

बोलण्याचं म्हणाल, तर पुण्याला असलेल्या लेकीशी फोनवर होणारा संवाद असा: ‘पोचलीस? जेवलीस? पैसे आहेत? आईला देतो.’ मग आम्ही मायलेकी अर्धा तास बोलतो तेव्हा हे पलीकडे पेपर उघडून बसतात आणि त्या अर्ध्या तासात पान काही उलटत नाही.

मुतखड्याने कमरेत कळ उठली, तेव्हा हे स्वतः चालत दवाखान्यात गेले. डॉक्टर पोरसवदा होता. त्याने विचारलं, ‘एक ते दहामध्ये किती दुखतंय?’

‘आहे.’

‘आहे म्हणजे किती?’

‘आहे थोडं.’

कपाळावरून घाम गळत होता, खुर्चीचा हात धरलेली बोटं पांढरी पडलेली. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘नऊ लिहा.’ तेवढ्यात हे माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आठ.’

यांच्या तोंडून कुणाची तारीफ निघणंही तसंच दुर्मीळ. 2 ऑगस्टला इथे मुक्तिदिन असतो. 1954 साली ऐन पावसाळ्यात स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांकडून सिल्वासा घेतलं, आणि पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो 11 ऑगस्टला शरण आला. त्या स्वयंसेवकांत बाबासाहेब पुरंदरे होते, राजाभाऊ वाकणकर होते आणि संगीतकार सुधीर फडकेही होते. गीतरामायण पुढच्या वर्षीचं. पहिल्यांदा मी हे सांगितलं, तेव्हा यांनी शस्त्रं किती होती, माणसं किती होती, रस्ता कुठला धरला, अशी चौकशी केली. मला अर्ध्याचीही उत्तरं देता आली नाहीत. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘गाणारा माणूस, पण वेळेवर पोचला.’ फडक्यांना आयुष्यात पुष्कळ मानसन्मान मिळाले, पण हा वरचा.

एका वर्षी 26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला, शाळेत भाषणाचं बोलावणं आलं. हे कारगिलच्या लढाईत नव्हते. त्याआधी सियाचीनला होते. 13 एप्रिल 1984 पासून आपली माणसं तिथे बसलेली आहेत, काही ठाणी वीस हजार फुटांच्या आसपास. 2003 च्या नोव्हेंबरपासून तिथल्या बंदुका गप्प आहेत, पण थंडी कुठलाच करार मानत नाही. पोरं गोळ्या, बाँब ऐकायला सरसावून बसलेली. मी मागच्या रांगेत. यांनी छातीवर पदकं लावून, माइक बाजूला सारून, अख्खा तास मोज्यांवर भाषण केलं. ओला मोजा आणि कोरडा मोजा. चालताना घाम येतो, थांबलं की त्याचा बर्फ होतो. आतला मोजा कधी बदलायचा, पायाची बोटं किती वेळाने हलवायची, जोडीदारांनी एकमेकांचे पाय कसे तपासायचे, काळं पडलेलं बोट चोळायचं का नाही. एका चिमुरडीने हात वर केला. ‘आजोबा, तुम्हाला भीती वाटली?’ हे क्षणभर थांबले. म्हणाले, ‘मोजे दोन जोड होते.’ मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

आमच्या घरी ही पायांची तपासणी अजून चालते. सिल्वासाचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर चपला वाळत नाहीत. रोज संध्याकाळी मला पाय पुढे करावे लागतात. हे चष्मा लावून बोटांमधली जागा बघतात, पावडर टाकतात, ‘ठीक’ म्हणतात आणि पुढे सरकतात. पुढे कुणी नसतं, सवयीने सरकतात. एकदा मी लाडात येऊन म्हटलं, ‘पैंजण दिसले का नवे?’ तर म्हणाले, ‘घासतील. जखम होईल.’

यांच्या मनाचं दार आतून उघडतं कसं, ते मला त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराने दाखवलं. ते कोल्हापूरकडचे. वापीत भाच्याकडे आले होते, तिथून वाट वाकडी करून आमच्याकडे उतरले. दारातूनच ओरडले, ‘ए गणपत!’ सैन्यात मराठा जवानांना सरसकट ‘गणपत’ म्हणतात, हे मला माहीत होतं. पण त्या हाकेसरशी आमचे हे सोफ्यावरून उडाले आणि दोघंही एकमेकांच्या पाठीवर गुद्दे मारत सुटले, हे मी नव्याने पाहिलं. माझा नवरा हसतो तेव्हा त्याच्या डाव्या गालाला खळी पडते. लेकीचं लग्न झालं, तरी ही माहिती मला नव्हती.

रात्री मी आमटीला फोडणी देत होते आणि बाहेर दोघं बोलत होते. आमटी त्या दिवशी मी फार वेळ ढवळली. बर्फातलं ठाणं, स्टोव्हची काजळी एवढी की थुंकीसुद्धा काळी, हेलिकॉप्टर आलं तरच डाक. पाच जण, आणि कधी कधी पाचांत मिळून एकच पत्र. मग ज्याचं पत्र असेल त्याने ते आधी मनात वाचायचं, आणि नंतर सगळ्यांना मोठ्याने.

मी पळी घेऊन बाहेर आले. पाहुणे म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या चंद्रीला रेडकू झालं ना, तेव्हा आम्ही वर साखर वाटली होती. काय हो, दूध किती देत होती पुढे?’

‘माझी पत्रं सगळ्यांनी ऐकली?’

‘पाठ होती. तुमच्या सासूबाईंनी वाटणीची पितळी घागर लपवली, ते तर आमच्या मद्राशी सिग्नलवाल्यालाही माहीत होतं. गणपतने हिंदीत करून सांगितलं.’

सासूबाई आता नाहीत, म्हणून मी थोडक्यात वाचले. त्या पत्राला आलेलं उत्तर मात्र माझ्याकडे जपून आहे. अंतर्देशीय पत्राची तिन्ही पानं मोकळी, वर फक्त एवढंच: ‘पत्र मिळाले. इकडे सर्व ठीक. म्हशीची काळजी घेणे.’ तेव्हा मी दोन दिवस रडले होते. आता आमटी वाढताना यांच्याकडे पाहिलं, तर हे ताटातली मिरची बाजूला काढण्यात गुंग.

मागच्या वर्षी यांनी एक फाइल केली. वर लाल अक्षरांत ‘माझ्या पश्चात’, आत अनुक्रमणिका. पेन्शनची ऑर्डर, ‘स्पर्श’ पोर्टलचा पासवर्ड, दवाखान्याचं कार्ड, आणि आमचा जॉइंट फोटो. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, म्हणून काढलेला. आम्हा दोघांचाच असा तो एकुलता एक फोटो, दोघांचेही कान दिसताहेत. मला खुर्चीवर बसवून यांनी फाइलचं ब्रीफिंग दिलं, तेही पेन्सिलने एकेक कलमावर टिचकी मारत. सातव्या कलमाशी, माझ्या नावाशी, पेन्सिल अडली.

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. यांनीही लिहिलं, आणि पलटणीत कळवलं. फौजेत लग्न, मूल, जे काही होतं ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून यावं लागतं. तिथे आलं नाही तर झालंच नाही. तर माझं तांदळातलं नाव तिथे गेलं. इकडे माझा शाळेचा दाखला, बँक, आधार, सगळं माहेरच्या नावाने. म्हणजे सरकारदरबारी यांचं लग्न एकीशी आणि संसार दुसरीशी, आणि उद्या हे गेले तर फॅमिली पेन्शन त्या पहिलीला.

मला हसू फुटलं. यांना नाही. दुसऱ्या दिवसापासून धावपळ सुरू झाली. नोटरी, प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, जिल्हा सैनिक कार्यालय, प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती. गुडघ्याचं दुखणं घेऊन भर पावसात वापीहून गाडी पकडायची, सातारा गाठायचं, आणि परत आल्यावर मला एवढंच: ‘इथे सही कर. इथे. इथे अंगठा.’

शेवटच्या अर्जात एक रकाना होता, कोणतं नाव कायम ठेवायचं. मी म्हटलं, ‘तुम्ही ठेवलेलं ठेवा की. एवढ्या वर्षांची सवय आहे.’ यांनी पेनचं टोपण काढलं, माझं माहेरचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि कागदावर फुंकर घालत म्हणाले, ‘हे आधीपासूनच चांगलं होतं.’ मग फाइल बंद करून, ‘कोई शक?’

शक नव्हता. मी चहा टाकायला गेले.

तर बायांनो, घरात माजी सैनिक असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची वाट बघू नका. त्याची पेन्शन-ऑर्डर आजच बाहेर काढा आणि तिच्यातलं आपलं नाव नि जन्मतारीख आधारकार्डाशी ताडून पाहा. एका अक्षराचा फरक दिसला तरी दुरुस्तीला त्यालाच पाठवा. तो हयात असताना हे काम सोपं जातं, आणि त्यालाही काहीतरी मोहीम मिळते.