वाळवंटाची पूर्वतयारी

मे महिन्यात थरच्या वाळवंटात निसर्गचित्रं काढायला निघालेले आपले चित्रकार सध्या उन्हाचा सराव करताहेत. संभाजीनगरकराला सराव? दौलताबादच्या पायथ्याशी भरदुपारी जलरंग उघडा. दुसरा हात द्यायच्या आत कागद खडखडीत. वाटीभर पाण्यात चित्र उरकायचं शिक्षण तर नळानंच दिलंय. सामानात घडीची खुर्ची, परदेशी टोपी, महागडं सनस्क्रीन. खिशातला कांदा तेवढा गावंढळ ठरून वगळलेला. उन्हाचंच म्हणाल, तर ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत राबला. इथल्या उन्हातून त्या तगल्या. बहुतेक जळाल्या त्या १८६६ मध्ये, ऐन डिसेंबरात, गारठलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. तेव्हा मंडळी, उन्हाला भिऊ नका. प्रदर्शनाच्या दालनात अग्निशामक नळकांडं आहे का, तेवढं आधी विचारा.