दशांश चिन्ह कुणी खाल्लं?

२०२० मध्ये शाळांना कुलपं लागली, तेव्हा मध्य प्रदेशानं ‘डिजीलेप’ आणलं. धडे थेट व्हॉट्सॲपच्या गटांवर. बऱ्हाणपुरात बाप यंत्रमागावर, फोन त्याच्या खिशात. तो घरी आला की पोराची शाळा भरणार. शाळा कधीच उघडल्या, गटावर फळ्याचे फोटो टाकायची सवय मात्र राहिली.

त्या फोटोचं काय होतं बघा. जेपेग पद्धत चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा आधी टाकून देते. त्यामागचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडलं. चेहरा, आभाळ, झाडं यांना ते झकास चालतं. पण अक्षर म्हणजे सगळा बारकावाच! व्हॉट्सॲप फोटो दाबतं, मग कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढून पुन्हा चढवतं, तो पुन्हा दाबला जातो. खडूनं लिहिलेल्या २.५ चे २५ होतात. मराठीतला ‘रंग’ ‘रग’ होतो. उर्दू माध्यमाच्या पोरांचे तर हालच, कारण बे, पे आणि ते यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा. पोराचं उत्तर चुकतं आणि बोलणी त्यालाच बसतात. हा अन्याय आहे.

गणिताचा यात दोष नाही. लिखाणाचं पान पीएनजीमध्ये जतन करा; त्यात काहीच गळत नाही, आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की फाइलही लहानच राहते. ती फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

व्हिडिओचंही तेच. सेकंदाला १ मेगाबिट धरला तर अर्ध्या तासाचा धडा २२५ एमबी खातो. त्याच धड्याचा नुसता आवाज सेकंदाला २४ किलोबिटनं साठवला तर साडेपाच एमबीत मावतो, बोलणंही स्वच्छ ऐकू येतं. सोबत पाच-सहा पानं द्या, झाला धडा! व्हिडिओ हवाच असेल तर फोन हातात धरू नका, कशाला तरी टेकवा. फळा स्थिर असला की फक्त बदललेला भाग साठवावा लागतो; हात हलला की सगळी चौकट बदलते आणि त्या हलण्याचा डेटा पालकाच्या रिचार्जमधून जातो.

भोपाळच्या साहेबांनी प्रत्येक धडा आधी घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर उघडावा. दशांश चिन्ह दिसलं तरच पुढे पाठवावा.