नाक कंपनीचं, जबडा ज्याचा त्याचा

चेहऱ्याचा आकार बदलून घ्यायच्या दोन सोयी बेंगळुरूच्या इंदिरानगरात आहेत. एक पैसे मोजून, हंड्रेड फीट रोडवरच्या एखाद्या स्किन क्लिनिकात. दुसरी फुकट, रस्त्यातल्या कुठल्याही खड्ड्यात. पहिलीला अपॉइंटमेंट लागते, दुसरीला दुचाकी पुरते. आमच्या वस्तीत चेहऱ्याला फार मान आहे. जबड्याची रेघ कोरून देणारे, कपाळाच्या आठ्या सुईने घालवणारे, ओठ थोडे फुगवून देणारे इतके डॉक्टर इथे आहेत, की दूध आणायला बाहेर पडलेला माणूस वाटेत नाक सरळ करून घरी येऊ शकतो. 2021 मध्ये आपल्या राहुल द्रविडने (मराठी घरातला म्हणून ‘आपल्या’, कानडी मंडळी हरकत घेतील, घेऊ देत) एका जाहिरातीत सिग्नलला शेजारच्या गाडीचा आरसा बॅटने फोडला आणि स्वतःला इंदिरानगरचा गुंड म्हणवून घेतलं. देशभर हशा पिकला. इथल्या काही रहिवाशांना मात्र काळजी लागली, की आता त्या गाडीतला माणूस चेहरा कशात बघणार?

अशा या मुखप्रेमी वस्तीत दर संध्याकाळी पाठीवर चौकोनी पेटी बांधलेली पोरं ट्वेल्थ मेनवरून धावत असतात. कुणी रायचूरचा, कुणी ओडिशाचा, कुणी आसामचा. बिदरकडचा असला तर ‘काका, पार्सल’ म्हणतो आणि आपल्याला उगाच बरं वाटतं. डोक्यावर हेल्मेट असतं, पण अर्धं. ते पोलिसापासून वाचवतं, डांबरापासून नाही. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट महाग, शिवाय ते घालून फोनवर नीट बोलता येत नाही, आणि गिऱ्हाईक तर ‘नीला गेट’ एवढाच पत्ता सांगून पुन्हा पुन्हा फोन करत असतं.

मग एके दिवशी पाऊस पडून जातो, खड्डा पाण्याने काठोकाठ भरतो, त्या पाण्यात पबची गुलाबी पाटी झगमगते. चाक आत, पोरगा पुढे, हनुवटी थेट फुटपाथच्या कडेवर. हनुवटीवर असा मार बसला की जबडा समोर तर मोडतोच, पण कधीकधी कानापुढचे दोन्ही सांधेही तुटतात. परेडला ताठ उभे राहून चक्कर येऊन तोंडावर पडणाऱ्या इंग्रज शिपायांवरून या मोडीला ‘गार्ड्समन’ असं नाव पडलंय. आमच्या पोराच्या जबड्याला नाव नाही, ऑर्डर नंबर आहे. गर्दी जमते. बेंगळुरूची गर्दी सभ्य. एक जण पाणी देतो, एक जण व्हिडिओ काढतो, एक जण पेटी उघडून बिर्याणी शाबूत आहे का ते बघतो. तेवढ्यात फोन वाजतो, ‘भैया, आप मॅप पे हिल नहीं रहे हो.’ जबडा मोडलेल्या माणसाला यावर फारसं काही बोलता येत नाही. ऑर्डर रद्द, एक तारा.

त्याच खड्ड्यात त्याच आठवड्यात एखादा प्रॉडक्ट मॅनेजर पडला तर खड्डा तोच राहतो, जखम बदलते. रात्री अकराला प्लास्टिक सर्जन येतात. आतले थर वेगळे शिवले जातात, वरून केसाएवढ्या बारीक नायलॉनचे टाके. जबड्याला टायटॅनियमच्या चिमुकल्या पट्ट्या, त्याही शक्यतो तोंडाच्या आतून, म्हणजे बाहेर व्रण नको. विम्याच्या पॉलिसीत सौंदर्याच्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात, पण अपघातानंतरच्या दुरुस्तीला सूट असते, आणि ते कलम शोधून देणारं माणूस हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसलेलं असतं. पुढे सिलिकॉनचं जेल, उन्हात जाताना सनस्क्रीन. टाके निघायच्या आधी लिंक्डइनवर ‘पडण्याने मला नेतृत्वाबद्दल काय शिकवलं’ हा लेख निघतो.

आमचं पोरगं सरकारी कॅज्युअल्टीत पोचतं. तिथली इंटर्न सकाळपासून उभी, मागे रांग, ट्रेमध्ये जो दोरा आहे तो दोरा. ती बिचारी मन लावून शिवते आणि बजावून सांगते, ‘पाचव्या दिवशी टाके काढायला ये.’ चेहऱ्याचे टाके पाच-सहा दिवसांत काढावे लागतात, नाहीतर जखम भरते पण दोऱ्याच्याच खुणा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दोन्ही बाजूंना राहतात. आता पाचवा दिवस निघतो शनिवार. शनिवारी रात्री इन्सेंटिव्ह. पोरगं अकराव्या दिवशी उगवतं. त्याच्या गालावरच्या त्या शिडीवर शनिवारच्या किती ऑर्डरी चढल्या, ते हुशार माणसाला मोजता येईल.

जबड्याचं काम मोठं असलं तर चिठ्ठी मिळते सरकारी डेंटल कॉलेजची, व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात. मेट्रोच्या पर्पल लाइनने मॅजेस्टिक, तिथे बदलून ग्रीन लाइनने के. आर. मार्केट, जबडा हाताने धरून. वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधले की चार-सहा आठवडे फक्त पातळ. दारोदार बिर्याणी पोचवणारा माणूस महिनाभर स्ट्रॉने पेज ओढतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळेत वाक्यात उपयोग करून शिकवतात. इथे प्रात्यक्षिक असतं.

सरकार झोपलंय असं मात्र कुणी म्हणू नये. फेब्रुवारी 2016 मध्ये नेलमंगलाजवळ हरीश नावाच्या तरुणाच्या अंगावरून ट्रक गेला. अर्धं शरीर बाजूला पडलेलं असताना त्याने अवयव दान करा म्हणून सांगितलं. त्याचे डोळे कामी आले. कर्नाटक सरकारने त्याच्या नावाने योजना काढली, अपघातानंतरच्या पहिल्या 48 तासांसाठी 25,000 रुपयांपर्यंत उपचार मोफत. 2025 मध्ये केंद्राने आणखी हात सैल सोडला, दीड लाखापर्यंत, सात दिवस. जीव वाचवायला हे पैसे उपयोगी पडतात, यात थट्टा नाही. पण गालाचं हाड किंवा डोळ्याखालची खोबण नीट बसवायची तर डॉक्टर अनेकदा आधी सूज उतरू देतात, आणि सूज आठवडाभर मुक्काम ठोकते. म्हणजे चेहरा शस्त्रक्रियेला तयार झाला की योजना निरोप घेते. इतकी अचूक वेळ बेंगळुरूत दुसरी कुठलीच गोष्ट गाठत नाही, मेट्रो धरून.

शिवाय इंदिरानगरातच कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं, रुग्णालय आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी. पोराची कमाई त्यात आरामात बसते, पण त्याला पगार नसतो, पेआउट असतो. त्यामुळे तिथल्या नर्सबाईंना तो इडली पोचवू शकतो; केसपेपर काढू शकत नाही.

आता थोडा इतिहास, कारण इतिहासाशिवाय मराठी माणसाला राग येत नाही. 1791 मध्ये कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला घेतला. टिपूशी चाललेल्या त्याच युद्धात इंग्रज फौजेबरोबर कावसजी नावाचा बैल हाकणारा होता. शेतकरी जातीचा मराठा. फौजेचा माल इकडून तिकडे पोचवायचा, रस्ता खराब, वेळेचं दडपण, धंदा ओळखीचा आहे. 1792 मध्ये तो टिपूच्या हाती सापडला. नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आलं. वर्षभर तो तसाच हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस डॉक्टर नव्हे, विटा पाडणाऱ्या जातीचा. या कारागिरांची रीत अशी: मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून माप घ्यायचं, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून तेवढी कातडी आखायची, सोडवायची, भुवयांमध्ये एक पट्टा जोडलेला ठेवून ती खाली वळवायची. हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर 1794 ला चित्रासकट छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 मध्ये लंडनात तसंच नाक केलं, आणि जगभरचे प्लास्टिक सर्जन आजही कपाळाच्या कातडीने नाक बांधतात.

पुणेकर ही गोष्ट त्या विटा पाडणाऱ्याच्या हातासाठी सांगतात. सांगावी. माझा जीव मात्र त्या हकिगतीतल्या एका बारीक तपशिलात अडकलाय. कावसजी तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर होता! जिच्या नावाने बोटं मोडायला आपण शाळेच्या इतिहासात शिकलो, त्या कंपनीने माल वाहताना नाक गमावलेल्या बैलवाल्याला पेन्शन दिली. ना संघटना, ना कामगार कायदा, ना ट्विटरवर बोंब. या पोरांना पळवणाऱ्या ॲप कंपन्यांनी एकदा आपली धोरणं या लुटारू कंपनीकडून तपासून घ्यायला हरकत नाही.

गोरे जाताना कायदाही ठेवून गेले. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, दोन्ही हात जाणं आणि दृष्टी जाणं यांच्याच पंक्तीला, चेहरा अतिशय विद्रूप होणं म्हणजे कमावण्याच्या ताकदीची शंभर टक्के हानी असं पुढे लिहिलं गेलं. पण हे कामगाराच्या चेहऱ्याबद्दल. आमचं पोरगं कंपनीचं पार्टनर. आणि भागीदारीतला तोट्याचा वाटा त्याला जागच्या जागी मिळतो. नफ्याचा वाटा अजून सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय. कर्नाटकाने 2025 मध्ये अशा पोरांसाठी कायदा केला, दर व्यवहारामागे कंपनीकडून एक ते पाच टक्के कल्याण शुल्क. मंडळ, नोंदणी, निधी, नियम... नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, पण निदान सोयरीक जमली.

आणि कंपन्यांना चेहऱ्याची कदर नाही हे तर साफ खोटं. कामावर रुजू होताना ॲप सेल्फी मागतं, खातं दुसराच कुणी चालवत नाही ना हे बघायला. पोरगं तीन आठवड्यांनी, दातांना तारा, एक गाल वर एक खाली, अशा मुद्रेने फोनसमोर उभं राहिलं. चेहरा जुळत नाही. उजेडात उभं राहिलं. जुळत नाही. मदतकेंद्राच्या चॅटवर लिहिलं तर उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया मूळ चेहऱ्याने पुन्हा प्रयत्न करा.’ गाडीचा हप्ता तोंडावर आलेला. शेवटी गावाहून धाकटा भाऊ आला. दोघांचा तोंडवळा सारखा. त्याने सेल्फी दिला, ॲपने एका झटक्यात ओळखलं, परत आल्याबद्दल स्वागत केलं आणि पहिली ऑर्डर दिली: दोन चिकन बिर्याणी, ट्वेल्थ मेन, नीला गेट.